हिंडण्याची डिग्री

आमच्या घराण्यात हिंडण्याला कधी प्रतिष्ठा नव्हती. ‘हा दिवसभर हिंडत असतो’ हे वाक्य आमच्याकडे कुणी कुणाच्या कौतुकासाठी वापरल्याचं ऐकिवात नाही. हिंडणारी मुलं वाया जातात आणि बसणारी मुलं मार्गी लागतात, असा साधा हिशेब. मार्गी लागायला बसावं लागतं हे मराठी भाषेतलं एक कोडंच आहे, पण ते असो. मी बसणाऱ्यांपैकी. बसून बी.कॉम. झालो, बसून बँकेची परीक्षा दिली आणि गेली बावीस वर्षं एकाच खुर्चीच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर बसून आहे. आता डॉक्टर म्हणतात, “जरा हिंडत जा.” म्हणजे जे काम मी लहानपणी फुकट आणि मन लावून करत होतो, तेच करायला सांगण्याची आता पाचशे रुपये फी पडते.

तेव्हा आमच्या ताईच्या मुलीने बी.एस्सी. झाल्याझाल्या जाहीर केलं की, मला अमेरिकेत जाऊन आउटडोअर रिक्रिएशन मॅनेजमेंट शिकायचंय, तेव्हा साताऱ्याच्या त्या घरात काय झालं असेल याची कल्पना करा. वनस्पतिशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेली पोरगी. तिने एम.एस्सी. करावं, बी.एड. करावं, अगदीच डोक्यात राख घातली तर स्पर्धा परीक्षेला बसावं (पुन्हा बसावं!), असे सगळे सरळ रस्ते मोकळे होते.

पहिला घोळ झाला तो मराठीकरणाचा. आमचे दाजी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. इंग्रजी शब्द दिसला की त्याचा शासकीय मराठीत मुडदा पाडायचा, ही त्यांची चौतीस वर्षांची सवय. त्यांनी ‘बाह्य मनोरंजन व्यवस्थापन’ असं भाषांतर केलं आणि ते आपल्या मातोश्रींच्या कानात मोठ्याने सांगितलं. आजींचं वय पंच्याऐंशी. त्या म्हणाल्या, “बाहेरची करमणूक? अगं बाई! आणि ती शिकायला अमेरिकेला कशाला जायला पाहिजे? तुझ्या चुलत आजोबांनी इथंच राहून शिकली होती.”

त्यानंतर दहा मिनिटं त्या घरात कुणी कुणाकडे बघितलं नाही.

बँकेत नोकरी करणाऱ्या मामाला घराण्यात एक खास स्थान असतं. लग्नात त्याने भाचीमागे उभं राहायचं आणि बाकी सगळ्या वेळी कर्जामागे. दाजींचा फोन आला. “पाव्हणं, रविवारी या. पोरगी चाळीस लाखांचं बोलतीय.”

चाळीस लाख ही रक्कम मी रोज बघतो, पण दुसऱ्यांची. शैक्षणिक कर्जाचे नियम मला तोंडपाठ आहेत. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आईवडिलांची सही पुरते. साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण आलं, आणि परदेशी शिक्षण असेल तर खर्चाचे पंधरा टक्के घरचे. शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्ष हप्त्याला सवलत, मग पंधरा वर्षांपर्यंत फेड. चाळीस लाखांना दहा टक्क्यांनी पंधरा वर्षांचा हप्ता काढला तर महिना त्रेचाळीस हजार येतो. मी तो कॅलक्युलेटरवर तीनदा काढला. रात्री दोनदा तोंडी काढला. तितकाच येतो. आणि तारण म्हणजे दाजींचं घर. निवृत्तीच्या पैशातून बांधलेलं, तळमजला अधिक अर्धा मजला. वरच्या अर्ध्यासाठीचे पैसे संपले तेव्हा त्याला ‘गच्ची’ म्हणायचं ठरलं.

रविवारी जायच्या आधी मी त्या अभ्यासक्रमाचे कागद भाचीकडून मागवून घेतले. कर्जदार कशावर पैसे उधळणार आहे हे बघायची बँकेत पद्धत आहे, निदान कागदोपत्री तरी. मला वाटलं होतं की पहिल्या सत्रात झोका, दुसऱ्यात पतंग, तिसऱ्यात चुलीवरची भाकरी असं काहीतरी असेल. वाचायला लागलो आणि थक्क झालो. अंदाजपत्रक. विपणन. मनुष्यबळ. विमा. कायदेशीर जबाबदारी. जोखीम व्यवस्थापन. अहो, हे तर आमचं बी.कॉम.! फक्त बूट घालून डोंगरावर निघालेलं. आमच्या वेळी कुणी सांगितलं असतं की हेच विषय झाडाखाली बसूनही शिकता येतात, तर अकाउंटन्सीत मला इतके मार्क पडले नसते, पण रंग तरी उजळ राहिला नसता. (तो तसाही राहिला नाही.)

बाकी अर्धा भाग मात्र आमच्या कॉमर्सच्या मास्तरांनी स्वप्नातही शिकवला नसता. उदाहरणार्थ, नदीचे वर्ग. वेगवान पाण्याचे एक ते सहा असे आंतरराष्ट्रीय वर्ग असतात. पहिला म्हणजे खळाळ, सहावा म्हणजे जिवावर उदार झालेल्यांसाठी. आमच्याकडे शाळेलासुद्धा वर्ग असतात, नदीला नसतात. आमची नदी एकतर कोरडी असते नाहीतर पुरात असते. मध्ये तिला वेळच मिळत नाही.

आणखी एक धडा प्रातर्विधीचा. हसू नका. रानात गेल्यावर पाण्यापासून, वाटेपासून आणि मुक्कामापासून साठ-एक मीटर लांब जायचं, सहा ते आठ इंच खोल खड्डा खणायचा आणि काम झाल्यावर तो बुजवायचा. हे तिथे रीतसर शिकवतात. आमच्या आजोबांनी हा अभ्यासक्रम टमरेल घेऊन आयुष्यभर केला, पण एक मार्क कुणी दिला नाही. मात्र आजोबा खड्डा खणत नसत हे कबूल केलं पाहिजे, आणि अंतराच्या बाबतीतही त्यांचा हिशेब निकडीवर अवलंबून असे.

एकूण हा विषय अमेरिकेत का जन्मला हे वाचताना हळूहळू उलगडत गेलं. त्या लोकांनी १८७२ साली यलोस्टोन हे पहिलं राष्ट्रीय उद्यान केलं, १९१६ साली त्यासाठी वेगळं खातं काढलं आणि मग लोक यायला लागले. ते इतके यायला लागले की २०२४ साली त्या खात्याच्या जागांना तेहतीस कोटींहून जास्त भेटी झाल्या. आता तेहतीस कोटी हा आकडा आपल्याला देवांच्या संदर्भात माहीत आहे. देव निदान कचरा करत नाहीत. ही माणसं पाव टाकणार, अस्वल पावाला चटावणार, मग ते मोटारीचं दार उपटून आत बघणार, आणि शेवटी चूक पावाची असली तरी गोळी अस्वलाला. म्हणून तिथे अस्वलाला उघडता येणार नाहीत अशा कचरापेट्या असतात. अन्न ठेवायचे डबेही तसेच. नाहीतर आमचं घर. दाणेकुटाचा डबा सौभाग्यवतीने कुठेही ठेवला तरी मला सापडतो.

१९६४ साली त्यांनी एक कायदाच केला, रानाचा. रान म्हणजे काय, तर जिथे माणूस हा फक्त पाहुणा आहे, मुक्काम ठोकणारा नाही. तिथे मोटार नाही, रस्ता नाही, इमारत नाही. मी हे वाचलं आणि कागद बाजूला ठेवून थोडा वेळ स्वस्थ बसलो. पाहुण्याने मुक्काम ठोकू नये असा कायदा! संसदेने केलेला! आमच्याकडे असा कायदा निदान मे महिन्यापुरता तरी व्हायला काय हरकत आहे?

त्याच वर्षी तिथल्या एका तज्ज्ञाने एक प्रबंध लिहिला की, एका रानात किती माणसं मावतील? ही कल्पना घेतली होती गुराख्यांच्या शास्त्रातून. एका कुरणावर किती गुरं चारली तर गवत टिकेल, त्याला म्हणतात वहनक्षमता. तोच हिशेब माणसांना लावायचा. गुरांचा हिशेब माणसाला लावला म्हणून कुणाला राग येईल. पण ज्याने सप्टेंबरातल्या रविवारी कासच्या पठारावर जाऊन पाहिलंय, त्याला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. फुलं बघायला आलेली गर्दी आणि फुलं चरायला आलेली गर्दी यात लांबून फरक करणं अवघड. शेवटी तिथेही रोजची संख्या ठरवून, पैसे घेऊन, आधी नोंदणी करून सोडायची वेळ आलीच. भाची म्हणते, “मामा, नुसता आकडा ठरवून भागत नाही. पुढे १९८५ साली त्यांनी प्रश्नच बदलला. माणसं किती, हे विचारायचं नाही. जागेत किती बदल झालेला आपण चालवून घेणार ते आधी ठरवायचं आणि मग मोजत राहायचं.” मी म्हटलं, “बरोबर आहे. तुझी मामी माझ्या बाबतीत गेली अठरा वर्षं हेच करतेय.”

कुठे किती सोडायचे, याच्या त्यांच्या तऱ्हा आपल्याला एकदम ओळखीच्या वाटतात. कॅलिफोर्नियात योसेमिटीला हाफ डोम नावाचा बोडका कडा आहे. शेवटचा टप्पा लोखंडी दोर धरून चढायचा. दिवसाला तीनशे माणसं, आणि त्यांची निवड सोडतीने. ग्रँड कॅन्यनमधून स्वतःची होडी घेऊन जायचं असेल तर पूर्वी प्रतीक्षायादी होती. ती वीस वर्षांवर गेली, तेव्हा २००६ साली तिथेही सोडत आली. स्कूटरसाठी नंबर लावून पोराच्या मुंजीत ती मिळालेली पिढी आमच्या घरात अजून हयात आहे. अमेरिका आपल्यापेक्षा फार पुढे गेली आहे असं मला आता वाटत नाही. नदीत उतरायला म्हाडाचाच मार्ग.

दाजींचं म्हणणं वेगळंच होतं. ते म्हणाले, “पाव्हणं, आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटर लाखो माणूस जातो. दिंड्यांना नंबर आहेत, तंबू कुठं पडणार ते ठरलेलं आहे, टँकर आहेत, चोपदार आहे. चोपदाराने चोप वर केला की सगळं चिडीचूप. सांगा, त्या चोपदाराकडं कुठली डिग्री आहे?”

मुद्दा बिनतोड होता. मी भाचीकडे बघितलं. तिने वाद घातला नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, “बाबा, मागल्या पावसाळ्यात तुम्हाला कॉलेजची सहल म्हणून सांगितलं होतं ना, ती सहल नव्हती.”

मग तिने सांगितलं ते असं. अकरा जण एका गडावर गेले होते. कुणाच्या तरी फोनवर जाहिरात आली होती, माणशी आठशे रुपये, चहा-नाश्ता-टीशर्टसकट. नेणारा मुलगा त्यांच्याच वयाचा, उत्साही, गळ्यात शिट्टी. उतरताना एका निसरड्या पायरीवरून तिच्या वर्गातला मुलगा पंधरा-वीस फूट खाली गेला. मांडीचं हाड मोडलं. शिट्टीवाल्याने शिट्टी वाजवली. एकाने त्याला खांद्याला धरून बसता करायचा प्रयत्न केला, एकाने तोंडात पाणी ओतलं, एकाने देवाचं नाव घेतलं, दोघं-तिघं रडायला लागले. फोनला रेंज नव्हती. खालच्या वाडीतली माणसं वर आली, त्यांनी बांबूला घोंगडं बांधून झोळी केली आणि त्याला खाली आणला. साडेचार तास. तो पोरगा वाचला, पण अजून लंगडतो.

“त्या साडेचार तासांत मी त्याचा हात धरून बसले होते,” ती म्हणाली. “बाकी मला काहीच येत नव्हतं. कुणालाच येत नव्हतं. तिकडे ऐंशी तासांचा एक कोर्स असतो. दवाखाना एका तासापेक्षा लांब असेल तर काय करायचं, एवढंच शिकवतात. बाबा, आपल्याकडचे किती गड दवाखान्यापासून एका तासाच्या आत आहेत?”

दाजी जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात होते. जिल्ह्यातला कुठला रस्ता कुठे संपतो हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता येतं. ते काही बोलले नाहीत. ताई उठून आत गेली. आजी म्हणाल्या, “काय झालं?” कुणीच मोठ्याने सांगितलं नाही.

जरा वेळाने दाजींनी फक्त एवढंच विचारलं, “तू त्या पायरीवरून त्याच्या आधी उतरलीस का नंतर?”

“आधी,” ती म्हणाली.

त्यानंतर मराठी भाषांतराचा प्रश्न कुणी काढला नाही. पण कर्ज भावनेवर मिळत नाही, हे मी कुणाहीपेक्षा जास्त जाणतो. नातेवाइकाच्या फायलीला आपण हात लावायचा नाही असा नियम, त्यामुळे ती फाइल शेजारच्या टेबलावर गेली. शेजारचं टेबल माझ्यापासून दोन फुटांवर आहे. नियम पाळला गेला. संगणकातल्या ‘अभ्यासक्रम’ या रकान्यात अभियांत्रिकी, वैद्यकीय, व्यवस्थापन, परिचर्या वगैरे पर्याय होते. हिंडणं नव्हतं. ‘इतर’ निवडून नाव टंकलं, तर रकाना निम्म्यातच भरला आणि मॅनेजरसाहेबांच्या पडद्यावर नुसतं ‘आउटडोअर रिक्रि’ एवढंच उमटलं.

साहेबांनी मला आत बोलावलं. “हे रिक्रि काय आहे? आणि नोकरी कुठे लागणार? झाडाखाली?”

साहेबांना आकडे आवडतात हे माहीत असल्यामुळे मी तयारीने गेलो होतो. अमेरिकेच्या सरकारी हिशेबाप्रमाणे २०२३ साली या बाहेरच्या करमणुकीचा वाटा त्यांच्या एकूण उत्पन्नाच्या २.३ टक्के, म्हणजे जवळजवळ ६४ हजार कोटी डॉलर होता. साहेबांनी शून्यं मोजली. मग म्हणाले, “ते त्यांचं झालं. पण २०२५ च्या फेब्रुवारीत तिथल्या उद्यान खात्याने हजारभर माणसं काढली, हे वाचलंत का?” वाचलं होतं. साहेब वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचतात, ही आमच्या शाखेची मोठी अडचण आहे. मी म्हटलं, “ती तिथे राहणारच नाही म्हणते. परक्या माणसाला तिथली सरकारी नोकरी तशीही मिळत नाही. इथे परत येऊन करायचंय. आपल्या सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण काढलंय, त्यात संयोजकांना नोंदणी करायला सांगितलंय. शिकलेली माणसं लागणार.”

“लागणार. पण त्रेचाळीस हजारांचा हप्ता देण्याइतकी लागणार का?”

हा प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर माझ्या कागदात नव्हतं. साहेबांनी भाचीला बोलावून घेतलं. मी बाहेर काचेतून बघत होतो. अर्धा तास ती हातवारे करत होती. मध्येच तिने साहेबांच्या टेबलावरचा पेपरवेट गड म्हणून घेतला, टाचण्यांचा डबा वाडी झाला, आणि शिक्का पंधरा फूट खाली पडला. नंतर कळलं, साहेबांचा मुलगाही दर पावसाळी रविवारी कुठल्याशा शिट्टीवाल्याबरोबर गडावर जातो. साहेबांनी रक्कम चाळीसची बत्तीस केली. बाकीचं तिने तिकडे विद्यापीठातच काम करून उभं करावं आणि व्याज दाजींनी शिक्षण चालू असतानाच भरत जावं, या अटींवर फाइल पुढे सरकली. हप्ता चौतीस हजारांच्या घरात आला. मी तोही तीनदा काढला.

ह्या सगळ्या भानगडीत मला एक माणूस मात्र फार आवडून गेला. पॉल पेट्झोल्ट. या गृहस्थाने १९२४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ग्रँड टीटन हा डोंगर गुराख्याचे बूट घालून चढला आणि त्या चढाईत तो मरता मरता वाचला. १९३८ साली अमेरिकन तुकडीबरोबर के-टूवर गेला. मग १९६५ साली वायोमिंगमध्ये त्याने रानातलं नेतृत्व शिकवणारी शाळा काढली, कारण माणसांना डोंगरावर नेणारे उत्साही पुष्कळ होते, परत आणणारे कमी. मी हे दाजींना सांगितलं. दाजी म्हणाले, “आणि त्याच्या बापाने घर तारण ठेवलं होतं का?” हे कुठे लिहिलेलं नाही.

गहाणखताच्या दिवशी दाजी इस्त्रीचा सदरा घालून शाखेत आले. घराचा उतारा, नकाशा, घरपट्टीच्या पावत्या, सगळं सालवार लावलेलं. जिल्हा परिषदेची शिस्त. एकेक कागद पुढे करताना ते त्यावरून एकदा हात फिरवत होते. ताई सह्या करत होती. मी नियमाप्रमाणे दोन फुटांवर उभा होतो.

“घर केवढं आहे?” शेजारच्या टेबलाने विचारलं.

“सहा माणसांचं,” दाजी म्हणाले. चौरस फूट विचारले होते.

शेवटी विम्याचा कागद आला. तारण घराचा विमा काढावाच लागतो. दाजींनी चष्मा लावला आणि बारीक अक्षरातली यादी वरपासून खालपर्यंत वाचली. आग, वीज, पूर, वादळ, दंगल, भूकंप. पुन्हा एकदा वाचली. मग शेजारच्या टेबलाकडे वाकून हळूच म्हणाले,

“साहेब, यात अस्वल धरलंय का?”

“अस्वल? साताऱ्यात? अहो, हा घराचा विमा आहे.”

“ते कळलं,” दाजी म्हणाले. “पण धरता येत असेल तर धरा.”